पडद्याआडचा क्रूस

जपानचे नाव निघाले की वसईच्या भाविकाला प्रथम स्मरतो तो संत गोन्सालो गार्सिया. वसईत जन्मलेल्या या फ्रान्सिस्कन बंधूने ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर क्रूसावर प्राणार्पण केले. त्याच्यासमवेत क्रूसावर चढलेल्यांत बारा-तेरा वर्षांची मुलेही होती. आज आपल्या घरांतील मुलांना जपान ठाऊक आहे तो वेगळ्या वाटेने. डोरेमॉन आणि शिनचॅन त्यांच्याशी हिंदीत बोलतात; थोडी मोठी मुले ‘मांगा’ म्हणजे जपानी चित्रकथा वाचतात आणि व्हिडिओ गेममध्ये रमतात. वडीलधाऱ्यांना हा सारा कालापव्यय वाटतो. ‘ॲनिमे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जपानी चलत्चित्रकलेचा एक रसिक म्हणून मला तसे वाटत नाही. का वाटत नाही, हे एकाच कलाकृतीच्या आधारे मांडावे, असा या लेखाचा हेतू आहे.

ती कलाकृती म्हणजे ‘फ्लँडर्सचा कुत्रा’ ही मालिका. ‘वीडा’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या इंग्रज लेखिकेने १८७२ मध्ये ही दीर्घकथा प्रसिद्ध केली. १९०८ मध्ये ती जपानीत आली आणि तेथे पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली. योशिओ कुरोदा यांच्या दिग्दर्शनाखाली ‘निप्पॉन ॲनिमेशन’ने तिची बावन्न भागांची मालिका केली. फुजी टेलिव्हिजनवरून ५ जानेवारी १९७५ पासून वर्षभर, दर रविवारी संध्याकाळी ती दाखवली गेली.

कथा साधी आहे. बेल्जियममधील अँटवर्प शहराजवळच्या एका खेड्यात नेलो हा पोरका मुलगा आपल्या वृद्ध आजोबांसह राहतो. निर्दय मालकाने मरणासन्न अवस्थेत टाकून दिलेला पत्राश हा कुत्रा त्यांच्या आश्रयाला येतो. गावातले दूध गाडीवर घालून शहरात पोहोचवायचे, यावर तिघांची गुजराण. नेलोला चित्रकलेचा ध्यास. अँटवर्पच्या कॅथेड्रलमध्ये महान चित्रकार रुबेन्सची दोन भव्य चित्रे आहेत : एकात प्रभूचा क्रूस उभारला जात आहे, दुसऱ्यात प्रभूचा देह क्रूसावरून उतरवला जात आहे. कथेत या दोन्ही चित्रांवर पडदा असतो आणि पैसे मोजणाऱ्यासाठीच तो दूर होतो. नेलोजवळ पैसे नाहीत.

पुढे संकटांची रांग लागते. आलोआ या मैत्रिणीच्या धनाढ्य वडिलांची पवनचक्की जळते आणि आळ नेलोवर येतो. गावकरी दूध देणे बंद करतात. आजोबा जातात, झोपडी जाते, चित्रस्पर्धेतले पारितोषिकही हुकते. नाताळच्या पूर्वसंध्येला पत्राशला बर्फात पैशांचे पाकीट सापडते. ते आलोआच्या वडिलांचेच असते. नेलो ते त्यांच्या घरी पोहोचवतो, पत्राशलाही तेथेच सोपवतो आणि एकटाच कॅथेड्रलकडे निघून जातो. पत्राश माग काढीत त्याच्यामागे येतो. त्या रात्री चंद्रप्रकाशात नेलोला ती चित्रे अखेर दिसतात. सकाळी लोकांना मुलगा आणि कुत्रा एकमेकांना बिलगून गारठलेले, गतप्राण झालेले आढळतात. आलोआचे वडील पश्चात्तापाने पोळलेले असतात. नेलोची गुणवत्ता ओळखलेला चित्रकारही त्याला शिकवण्यासाठी शोधत येतो. सर्वांना उशीर होतो तो अवघ्या एका रात्रीचा.

अशी कथा बालकांना सांगावी काय? १९५९ च्या अमेरिकन चित्रपटाने या प्रश्नाला आपल्या परीने उत्तर दिले आणि नेलोला जिवंत ठेवले. जपानी कलावंतांनी शेवट बदलला नाही. त्यात एकच भर घातली. देवदूत अवतरतात आणि नेलो व पत्राश यांना स्वर्गाकडे घेऊन जातात. वीडाच्या कथेत त्या दोघांच्या वाट्याला एक सामायिक कबर आणि लेखिकेचा कडवट उद्‌गार येतो. देवदूत येत नाहीत. ज्या देशात ख्रिस्ती जन जेमतेम एक टक्का आहेत, तेथील कलावंतांनी हा बदल करावा, हे लक्षणीय आहे. अंतिम भाग प्रक्षेपित झाला तो दिवस होता २८ डिसेंबर, म्हणजे हेरोदाने मारविलेल्या निष्पाप बालकांच्या स्मरणाचा. तो योगायोगच असावा. परंतु इतका अर्थपूर्ण योगायोग क्वचितच घडतो.

येथे एक आक्षेप संभवतो. देवदूत आणले की प्रेक्षकाचे अश्रू पुसले जातात आणि गावाचा अपराधही पुसला जातो. आक्षेप दुबळा नाही. मालिकेने उभा केलेला हान्स हा खलपुरुष तर त्याला बळच देतो. दोष एकाच्या माथी मारला की इतरांचे हात स्वच्छ राहतात. मधले काही भाग ओढूनताणून लांबवलेले आहेत, हेही मान्य केले पाहिजे. तरीही मालिका या धोक्यातून तरते ती तिच्या संथ लयीमुळे. मूळ कथा एका बैठकीत वाचून संपते. मालिका मात्र वर्षभर पहाटेची वाट, दुधाच्या चरव्या, गाडी ओढणाऱ्या पत्राशची पावले दाखवीत राहते. कोणत्या घरून किती जिव्हाळ्याने दूध मिळते, हे आपल्याला ठाऊक झालेले असते. त्यामुळे दारे बंद होऊ लागतात तेव्हा ती कोणाची, हेही आपण ओळखतो. ती दारे देवदूतांना उघडता येत नाहीत.

आजच्या मुलांना एवढा धीर कोठला, असे कोणी म्हणेल. व्हिडिओ गेममध्ये मेलेला नायक कळ दाबताच पुन्हा उभा राहतो. तेथे मृत्यूला मोल कसले? पण त्या माध्यमातही अपवाद आहेत. शिगेसातो इतोई यांनी लिहिलेल्या, २००६ मध्ये जपानमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मदर ३’ या खेळात लुकास या मुलाची आई आरंभीच मरण पावते आणि खेळणाऱ्याने काहीही केले तरी परत येत नाही. अखेरच्या सामन्यात समोर उभा असतो तो लुकासचा हरवलेला जुळा भाऊ. त्याच्यावर लुकास हात उगारीत नाही. वार सोसत उभे राहणे, एवढेच खेळणाऱ्याच्या हाती उरते. हा खेळ मन लावून खेळलेल्या मुलाला नेलोची रात्र परकी वाटणार नाही.

तरी ‘फ्लँडर्सचा कुत्रा’ मला सर्वाधिक अस्वस्थ करते ते त्या पडद्यामुळे. पवनचक्कीचा मालक, घरमालक, स्पर्धेचे परीक्षक हे सारे व्यवहारी जगातले. परंतु प्रभूचे दुःख पडद्याआड ठेवून त्याच्या दर्शनाचे मोल घेणारे हात ख्रिस्तमंदिराच्या आतले आहेत. जो प्रभू वस्त्रे हिरावलेल्या स्थितीत, सर्वांसमक्ष क्रूसावर टांगला गेला, त्याच्यावर पडदा कोणी घातला? मूळ कथेत नेलो आपल्याच हातांनी तो दूर सारतो. उपाशी, बेघर मुलाने केलेले हे उद्‌घाटन कोणत्याही समारंभाहून मोठे आहे.

कुरोदा यांनी १९९७ मध्ये याच कथेवर चित्रपट केला. त्यात आलोआ प्रौढ वयात धर्मभगिनी झालेली दाखवली आहे. कॅथेड्रलमध्ये आल्यावर तिला नेलोची आठवण होते. बालमित्राच्या मृत्यूचे तिने काय केले, याचे उत्तर तिच्या वेषातच आहे. अँटवर्पकरांना मात्र ही कथा फारशी ठाऊक नव्हती. जपानी पर्यटक नेलोचा माग काढीत येऊ लागले, तेव्हा तेथील लोक तिच्याकडे वळले. २०१६ पासून कॅथेड्रलसमोरच्या चौकात फरसबंदीचेच पांघरूण घेऊन निजलेल्या नेलो-पत्राशचे शिल्प आहे.

मुलांसमवेत ही मालिका जरूर पाहावी. ती रडतील; रडू द्यावे. नंतर ती विचारतील, ‘त्याला कोणीच घरात का नाही घेतले?’ हान्स दुष्ट होता, एवढ्या उत्तराने त्यांचे समाधान होणार नाही. नाताळच्या मध्यरात्री उजळलेल्या आपल्या मंदिरांत कोणता पडदा अजून टांगलेला आहे आणि त्याच्याबाहेर कोण उभे आहे, हे त्यांच्या आधी आपणच पाहून ठेवलेले बरे.