शिवणे : टाका आणि विटाळ

ताम्हिणीसारख्या धोधो पावसाच्या गावी वाकळ ही चैन नव्हे, गरज आहे. जुनी लुगडी, धोतरे थरावर थर घालून बाया ती शिवतात. मराठीत याच ‘शिवणे’चा दुसरा अर्थ विटाळाशी बांधलेला आहे. व्युत्पत्ती वेगळ्या आहेत : टाके घालण्याचे ‘शिवणे’ संस्कृत ‘सिव्’ धातूतून आले, स्पर्शाचे प्राकृत ‘छिवइ’तून. कोशकार दोन नोंदी करून मोकळा होतो. चांभाराच्या हातात मात्र त्या दोन राहत नाहीत.

देशावरच्या मोटेचे उदाहरण घ्या. ढोराने कातडे कमावायचे, चांभाराने मोट शिवायची. तिने उपसलेले पाणी पाटलाच्या मळ्याला चालत असे. शिवणाऱ्याने त्याच विहिरीला शिवायचे मात्र नसे. टाका चाले, बोट चालत नसे! ताम्हिणीचा घाट उतरला की माणगाव, तेथून पुढे महाड. तेथे २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब व त्यांचे अनुयायी चवदार तळ्याचे पाणी प्याले. सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ केले.

पिंडाला कावळा शिवला नाही तर घर काळजीत पडते. जिवंत माणूस शिवला तर तेच घर आंघोळ करीत असे. बाईला ‘कावळा शिवला’ की ती चार दिवस बाहेर. शिवणापाणीच्या खेळात ज्याच्यावर राज्य, त्याच्यापासून सगळे पळतात. (मुले हा धडा कोठून उचलतात, हे शिक्षकांनी पाहावे.) संविधानाच्या १७ व्या कलमाने ‘अस्पृश्यता’ नष्ट केली. माजघरातली ‘शिवाशिव’ कायद्याच्या भाषेत कधी आलीच नाही.

आणि मराठी समीक्षा? तिने कारागिराची भाषा खुशाल उचलली : कथेची वीण घट्ट, उपकथानक ठिगळासारखे, भाषा घोटीव. शब्द घेतले, हात बाहेर ठेवले. माधव कोंडविलकरांचे ‘मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे’ (१९७९) ही चर्मकार घरातल्या शिक्षकाची रोजनिशी. अशा लेखनाला ‘विस्कळीत’ म्हणून बाजूस सारणाऱ्याने एवढे ध्यानात घ्यावे, की आरी-दोऱ्याच्या घरात सैल टाका म्हणजे गिऱ्हाइकाची शिवी आणि बुडालेली मजुरी. त्या घरातल्या लेखकाला टाका घालता येत नाही, असे समजण्याचे कारण नाही. त्याने काही जागा उसवलेल्या ठेवल्या असतील, तर त्या तशा का ठेवल्या हे विचारणे समीक्षकाचे काम आहे. ते अद्याप नीट झालेले नाही.