तारामतीचे दंड

गेल्या श्रावणात मी हिर्डोशीला घरी होतो. भोरहून वरंध घाटाकडे जाताना नीरा देवघरच्या पाण्याकडेला आमचं गाव लागतं. पावसाळ्यात इथे रेंज आणि वीज दोघी आलटून पालटून जातात. त्या रात्री वीज होती. मी पुण्याहून आणलेला छोटा प्रोजेक्टर सोप्यातल्या भिंतीवर लावला आणि घरच्यांना 'राजा हरिश्चंद्र' दाखवायला घेतला. दादासाहेब फाळक्यांचा, १९१३चा. फक्त तो आता रंगीत होता, कारण मी लॅपटॉपवर रंगवला होता. आणि बोलका होता, कारण त्यावर माझ्या आवाजातली विनोदी कॉमेंट्री होती. पुण्याच्या फ्लॅटवर मित्र या कॉमेंट्रीला लोळून हसले होते.

पहिला विनोद आला आणि गेला. सोप्यात पावसाचा आवाज तेवढा राहिला.

तो विनोद का पडला, हे कळायला मला बरेच दिवस लागले. त्यासाठी आधी हा प्रकार काय आहे ते सांगायला हवं.

अमेरिकेत सॅन डिएगोला लीजंड फिल्म्स नावाची कंपनी होती. तिने २००४च्या सुमारास एक साधी युक्ती काढली. ज्यांचा कॉपीराइट उरलेला नाही असे जुने कृष्णधवल सिनेमे घ्यायचे, संगणकावर रंगवायचे आणि डीव्हीडीवर एक जादा ऑडिओ ट्रॅक द्यायचा. त्या ट्रॅकवर माइक नेल्सन हा विनोदी लेखक सिनेमा बघता बघता त्याची फिरकी घेणार. नेल्सन या कामात मुरलेला होता. 'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००' ही मालिका १९८८ साली सुरू झाली. भिकार सिनेमा लावायचा आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बसलेल्या सावल्यांनी त्यावर बोलायचं, एवढाच तिचा खेळ. नेल्सन तिथे आधी लेखक होता, १९९३पासून सूत्रधार झाला. पुढे २००६मध्ये त्याने 'रिफट्रॅक्स' काढलं.

मी हे इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर पाहिलं. सुरुवात अर्थातच 'रीफर मॅडनेस'ने. हा १९३६चा सिनेमा, मूळ नाव 'टेल युअर चिल्ड्रन'. गांजा ओढल्याने तरुण पिढी कशी खुनी आणि वेडी होते, हे पालकांना दाखवून घाबरवणं हा त्याचा हेतू. एक माणूस डोळे फाडून पियानो वाजवणाऱ्या बाईला आणखी जलद वाजव, आणखी जलद वाजव म्हणतो आणि ती पियानो बडवत सुटते. १९७०च्या दशकात अमेरिकी कॉलेजांतल्या पोरांनी हा उपदेश विनोद म्हणून पुन्हा पाहायला सुरुवात केली. लीजंडने तर धुराला हिरवे, जांभळे, नारिंगी रंग दिले. इथे रंग हाच पहिला विनोद आहे. रंगवणाऱ्याने सिनेमावर केलेली ती शेरेबाजीच आहे, आणि ती योग्य जागी लागते, कारण सिनेमा स्वतः खोटं बोलतोय. वरच्या पाटावर बसून प्रवचन देणाऱ्याचं धोतर ओढायला मजा येते.

त्याच वर्षी, त्याच कंपनीने, त्याच माणसाला घेऊन 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' काढला. १९६८चा हा सिनेमा पब्लिक डोमेनमध्ये गेला तो एका चुकीमुळे. वितरकाने नाव बदलताना नव्या पाटीवर कॉपीराइटची ओळ टाकलीच नाही, आणि तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात तेवढ्याने हक्क जायचा. १९८६मध्ये कुणीतरी तो रंगवला तेव्हा मढी हिरवी केली होती. २००४ची आवृत्ती त्यापेक्षा पुष्कळ बरी. तरीही मला ती शेवटपर्यंत बघवली नाही. बेन हा काळा नायक रात्रभर एका घरात तग धरतो आणि सकाळी त्याला सोडवायला आलेले बंदूकवाले गोरे लोक त्यालाच मढं समजून गोळी घालतात. पुढे वर्तमानपत्रातल्या फोटोंसारखी स्थिरचित्रं येतात. त्या शेवटाला धार येते ती त्याच्या भुरकट, बातमीपटासारख्या करड्या रंगामुळे. तिथे रंग नको वाटतो आणि कुणाची कोपरखळीही. नेल्सन कितीही हुशार असो, या सिनेमाला त्याची गरज नाही. बरं एवढंच, की त्या डीव्हीडीवर मूळ कृष्णधवल प्रतही होती.

म्हणजे एकच साचा एका सिनेमाला फुलवतो आणि दुसऱ्याला खातो. हे मला तेव्हाही कळलं होतं. पण फरक सिनेमाच्या दर्जाचा आहे, असा मी सोपा अर्थ काढला: वाईट सिनेमाची टिंगल चालते, चांगल्याची नाही.

आपल्याकडे याचं काय? आपल्या कायद्यात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर साठ वर्षं टिकतो. त्यामुळे फाळक्यांचे मूकपट, 'संत तुकाराम', 'कुंकू', 'ब्रह्मचारी' हे सगळे आज मोकळे आहेत. रंगवण्याचा प्रयत्न आपल्याकडेही झाला, पण सोवळ्यात. 'रीफर मॅडनेस'चा धूर जांभळा झाला त्याच वर्षी, २००४च्या दिवाळीत, 'मुघल-ए-आझम' रंगीत होऊन थिएटरात आला. तिथे रंग म्हणजे मानाचा शेला होता. त्यावर कुणी विनोदी ट्रॅक टाकला असता तर काय झालं असतं, कल्पना करा.

मला ही मोकळी जागा दिसली. २०१८मध्ये जेसन अँटिकने 'डीओल्डिफाय' हे रंगवणारं मॉडेल खुलं केल्यापासून या कामाला स्टुडिओ लागत नाही. मी 'राजा हरिश्चंद्र' निवडला, कारण मला तो विनोदी वाटायचा. स्त्री भूमिकेला बाई मिळेना म्हणून फाळक्यांनी ग्रँट रोडवरच्या एका खाणावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना तारामती केलं, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. राणी आणि तिच्या सख्या पाण्यात खेळतात तो प्रसंग तर प्रसिद्धच. पाण्यातल्या सगळ्या सख्या म्हणजे लुगडी नेसलेले पुरुष. माझे निम्मे विनोद तारामतीच्या दंडांवर होते. जिमची मेंबरशिप, १९१३चा ब्यूटी फिल्टर वगैरे. चार रिळांच्या या सिनेमाचं आज पहिलं आणि शेवटचं रीळच उरलंय (आणि तीही १९१३ची की १९१७च्या नव्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत वाद आहे). मधली दोन रिळं नाहीत, तिथे मी बफरिंगचं गोल चक्र टाकून एक विनोद केला होता.

आता पुन्हा सोप्यात येऊ.

दंडांचा विनोद झाल्यावर आजी म्हणाली, "बाप्याच हाय की त्यो. मग?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं की यात हसायचं काय. जत्रेतल्या तमाशात गौळणीची मावशी पुरुषच असतो. गावच्या नाटकात बाईचं काम पुरुषानेच करायचं, हे तिने आयुष्यभर बघितलंय. माझा विनोद ज्या धक्क्यावर उभा होता तो धक्काच तिला बसत नव्हता.

मग आमचे नाना, म्हणजे माझे चुलत आजोबा, बोलले. "आरं, मी सुदीक झालोतो की तारामती. देवळाम्होरं. सतरा-आठरा वर्साचा आसंन."

हे मला माहीत नव्हतं. भात लावून रापलेला, बोटं वाकडी झालेला हा माणूस राणी झाला होता, हे घरात आजवर कुणी बोललं नव्हतं, किंवा बोललं असेल तर मी ऐकलं नव्हतं. मी पॉज करायला हात पुढे केला तर ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे चालू, आवाज तेवढा बंद कर तुजा." आणि त्या रात्रीची खरी कॉमेंट्री सुरू झाली.

"दंड झाकायला पोलक्याच्या बाह्या लांब शिवायच्या आस्त्यात, ह्येंनी शिवल्या न्हाईत." "चाल बरी हाय. टाच उचलत न्हाय बग." "पदर सारखा सारखा वढतोय, नवीन हाय गडी." साळुंके नवीनच होते, त्यांचा हा पहिला सिनेमा. पुढे १९१७च्या 'लंकादहन'मध्ये त्यांनी राम आणि सीता ही दोन्ही कामं केली. म्हणजे टाच न उचलण्यातलं जे नानांना दिसलं, ते फाळक्यांनाही दिसलं असावं.

आजीची तक्रार वेगळी होती. "राणीचं लुगडं आसं मातेरं लावल्यागत कशानं?" मॉडेलने ते मातकट तपकिरी केलं होतं. मी आधी टाळलं, मग नंतर वाचलं. त्या काळची फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती. लाल जे काही असेल ते पडद्यावर काळपट यायचं. करड्या छटेत मुळात फक्त उजेड-अंधार उरतो, रंग पुसला गेलेला असतो; मॉडेल आजच्या फोटोंवरून अंदाज बांधतं, आणि खात्री नसली की बऱ्याचदा तपकिरीकडे झुकतं. त्याला फिल्मचं हे आंधळेपण ठाऊक नाही. राणी मळकं लुगडं नेसणार नाही, हे आजीला ठाऊक आहे. लुगडं खरोखर कोणत्या रंगाचं होतं ते कळायला आता मार्ग नाही, पण चूक कुठे आहे ते तिने एका वाक्यात दाखवलं.

हसणं झालं नाही असं नाही. हरिश्चंद्र विश्वामित्राला राज्य देऊन टाकतो तेव्हा नाना म्हणाले, "बायकूला इचारलं का आदी? सातबाऱ्यावर तिचं बी नाव आसंल की." सगळा सोपा हसला. आमची खालची जमीन धरणाच्या पाण्याखाली आहे. जमीन एका शब्दात जाते म्हणजे काय, हे तिथे कुणाला फोडून सांगायची गरज नव्हती. मी लिहिलेल्या चाळीसेक विनोदांत असा एकही नव्हता.

मग माझं बफरिंगचं चक्र आलं. "बिगाडलं का रं?" आजीने विचारलं. मी सांगितलं, मधली दोन रिळं हरवलीत. ती म्हणाली, "आन मग पोरगं कवा मेलं त्ये कसं कळायचं?" आणि तिने सांगायला घेतलं. काशीचा बाजार, तिघांची विक्री, फुलं तोडताना रोहिदासाला डसलेला साप, मसणात स्वतःच्याच बायकोकडे पोराच्या मढ्याचा कर मागणारा राजा. तिकडे भिंतीवर चक्र फिरत होतं. मी लॅपटॉपवर शेवटचं रीळ थांबवून ठेवलं आणि तिचं सांगून झाल्यावर सोडलं. सिनेमा एका जागी जुळला.

मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी उभं राहून पाट्या वाचून दाखवणारे, गोष्ट समजावणारे लोक असायचे. जपानात त्यांना बेन्शी म्हणत, आणि काही बेन्शी नटांइतके लोकप्रिय होते. आपल्याकडे तमाशातला सोंगाड्या राजाच्या दरबारातच उभा राहून राजाची खोडी काढतो. 'विच्छा माझी पुरी करा' साठ वर्षांपूर्वी रंगमंचावर गाजलं ते याच जोरावर. तेव्हा सिनेमावर बोलणं ही अमेरिकेहून आलेली गोष्ट नाही. सोंगाड्याला वग पाठ असतो. कुठे थांबायचं, कुठे राजाला बोलू द्यायचं हे त्याला कळतं. नेल्सनचं 'रीफर मॅडनेस' चालतं त्याचंही कारण आता मला हेच वाटतं: असल्या प्रचारपटांची नस न् नस त्याला वर्षानुवर्षांच्या लिखाणातून माहीत आहे. मी साळुंक्यांबद्दल एक किस्सा जाणत होतो आणि तेवढ्या भांडवलावर वीस मिनिटं बोललो.

यूट्यूबवर आता जुन्या मराठी सिनेमांचे रंगवलेले तुकडे आणि वर मीम-छाप आवाज असले व्हिडिओ बरेच येतात. त्यांना विरोध करायला मी बसलेलो नाही. त्यातले काही मस्त आहेत. पण पुढच्या वेळी असा व्हिडिओ पाहाल तेव्हा एवढं तपासा: बोलणाऱ्याला सिनेमातली एखादी अशी गोष्ट दिसली का, जी तुम्हाला त्याच्याशिवाय दिसली नसती? दिसली असेल तर त्याने कितीही टवाळी करावी. नसेल, तर तो फक्त सिनेमापेक्षा शंभर वर्षांनी उशिरा जन्मला आहे, आणि त्यात त्याचं काही कर्तृत्व नाही.

मी माझा ट्रॅक काढून टाकला. रंगही काढले. दिवाळीत पुन्हा गेलो तेव्हा फोन रेकॉर्डिंगला लावून नानांना म्हटलं, पुन्हा एकदा बघू या का? त्यांनी आधी विचारलं, "कुनाकुनाला ऐकवनार हायस?" मी म्हटलं, तुम्ही सांगाल त्यांना. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग उठून आत गेले आणि चष्मा घेऊन आले.