काचेचे घर आणि धोतराचा काठ

‘सर, एवढी काच रोज पुसत कोण असेल?’

कर्जतला माझ्या खोलीवर काही विद्यार्थ्यांबरोबर ‘द ग्लास रूम’ हा चित्रपट पाहत असताना एका मुलीने हा प्रश्न विचारला. बाकीचे हसले. मला हसू आले नाही. या चित्रपटाची समीक्षा मला तेथूनच सुरू करावीशी वाटते.

चित्रपट २०१९ चा, दिग्दर्शक युलिउस शेव्चिक. सायमन मॉवर यांच्या २००९ च्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. ब्रनो शहरात मीस व्हान डेर रोह या जर्मन वास्तुविशारदाने १९२९-३० साली तुगेंडहाट या ज्यू उद्योजक कुटुंबासाठी बांधलेल्या घरावरून ही कथा सुचली, आणि चित्रणही त्याच घरात झाले. पोलादी खांबांवर तोललेले छत, मोरोक्कोच्या ऑनिक्स दगडाची एक भिंत, बागेकडे जमिनीपासून छतापर्यंत काच. त्यातली दोन प्रचंड तावदाने यंत्राने जमिनीत उतरतात. घर सुंदर आहे, हे कबूल केलेच पाहिजे. येथे लपवण्यासारखे काही नाही, असे ते घर म्हणते. आणि त्यात राहणारी माणसे एकसारखी काहीतरी लपवत असतात. व्हिक्टर व्हिएन्नातल्या काटा या गरीब बाईशी असलेला संबंध लपवतो, त्याची बायको लीझल आणि तिची मैत्रीण हाना आपले प्रेम. हा विरोध दिग्दर्शकाने चांगला पकडला आहे.

पण ती तावदाने खाली ओढणारे यंत्र तळघरात आहे. कोळसा आणि बॉयलरही तेथेच. तेथे कॅमेऱ्याला रमावेसे वाटत नाही. काटा पुढे मुलांची दाई म्हणून याच घरात येते. ती माणूस म्हणून आपल्याला दिसते ती मालकाचे तिच्यावर मन बसले म्हणून.

मग नाझी येतात. केवळ जन्माच्या कारणावरून माणसांना स्वतःच्या घरातून परागंदा व्हावे लागते. प्रत्यक्षातले तुगेंडहाट १९३८ मध्ये निसटले; लाखो ज्यूंना निसटता आले नाही, त्यांची कत्तल झाली. जन्मावरून गुन्हेगार ठरणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. चित्रपटाला येथे फार मोठे काही सांगता आले असते. तो मात्र या संहाराचा पडदा मागे टांगून पुढे प्रेमकथा चालू ठेवतो.

अशाच घराची अशीच कथा मराठी माणसांच्या इतिहासातही आहे. आमचा जिल्हा आता ज्यांच्या नावाने ओळखला जातो त्या अहिल्याबाई आमच्या शेजारच्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. त्यांच्या होळकर घराण्यातले दुसरे यशवंतराव यांनी १९३० च्या सुमारास एकार्ट मुथेसिउस या तरुण जर्मन वास्तुविशारदाकडून इंदूरला माणिकबाग हा महाल उभा करून घेतला. कागलच्या घराण्यातली राणी संयोगितादेवी, पॅरिसची खरेदी, मॅन रे यांनी काढलेली दोघांची छायाचित्रे, १९३७ मध्ये राणीचा अकाली मृत्यू. चित्रपटाला लागते ते सारे तयार आहे. १९८० मध्ये तिथल्या सामानाचा मोंटे कार्लोला लिलाव झाला, २०१९ मध्ये पॅरिसला या राजाच्या कलासंग्रहाचे प्रदर्शन भरले. उद्या कोणी चित्रपट काढलाच, तर त्यात पुढचा प्रसंग असेल काय?

बाबासाहेबांनी ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये (१९३६) जानेवारी १९२८ ची एक बातमी नोंदवली आहे. याच इंदूर संस्थानातल्या कनारिया, बिचोली हप्सी, बिचोली मर्दाना आणि आणखी सुमारे १५ गावांतल्या सवर्णांनी बलाई जातीला फर्मावले: जरीकाठी पागोटे बांधायचे नाही. रंगीत काठाचे धोतर नेसायचे नाही. बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. मयताची वर्दी पोचवायची, बाळंतपणे करायची, मोबदला मागायचा नाही. बलायांनी नकार दिला. विहिरी बंद झाल्या, गुरे चारणे बंद झाले. दरबाराकडे अर्ज गेले, वेळेवर दाद मिळाली नाही. शेकडो बलाई बायकापोरांसह गाव सोडून धार, देवास, भोपाळ, ग्वाल्हेरकडे निघून गेले.

तेव्हा कारभार यशवंतरावांच्या हाती नव्हता. पूर्ण अधिकार त्यांना १९३० मध्ये मिळाले. तेव्हा माझा रोख एका राजावर नाही. रोख आहे तो ‘आधुनिक’ या शब्दावर. अलंकार टाकून देणे ही या वास्तुकलेची प्रतिज्ञा होती. अलंकाराला गुन्हा ठरवणारा आडोल्फ लूस हाही ब्रनोचाच. पण ज्याच्या अंगावर पिढ्यान्पिढ्या अलंकार होते, त्यालाच ते टाकता येतात. बलायाला काठाचे धोतर हवे होते. १९२८ साली त्या मुलखातली सर्वांत आधुनिक मागणी हीच होती, असे मी म्हणेन. आमच्या घरकुलाला वडिलांनी गडद निळा रंग दिला आणि दाराला नक्षीची चौकट बसवली, तेव्हा माझ्या एका सुशिक्षित स्नेह्याला ते भडक वाटले. वडिलांना मी अजून ते सांगितलेले नाही.

ब्रनोचे घर २००१ पासून जागतिक वारसा आहे. तिकीट काढून पाहता येते. माणिकबागेत सरकारी करखात्याचे कार्यालय आले. बलाई ज्या घरांना कुलपे लावून निघाले, त्यांना कुलपे तरी होती की नाही कोण जाणे. बातमीत त्या घरांचे वर्णन नाही.