शिंगातले कमळ

मिंग आणि चिंग राजवटींत गेंड्याच्या शिंगातून कोरलेल्या पेल्यांवर लिहिताना अभ्यासक बहुधा वनस्पतींचा प्रतीककोश उघडतात. पीच म्हणजे दीर्घायुष्य. पाइन, बांबू व प्लमचा बहर म्हणजे पडत्या काळातील निष्ठा. कमळ म्हणजे चिखलातले निष्कलंकपण. हे अर्थ खरेच आहेत. अकराव्या शतकात झोउ दुनयीने एका छोट्या निबंधात कमळाला सज्जनाचे रूप दिले होते. तरीही मला हे वाचन अपुरे वाटते, कारण त्यात शिंगच हरवते.

गेंड्याचे शिंग विष उतरवते, अशी समजूत होती. ली शिझेनच्या, १५९६च्या सुमारास छापल्या गेलेल्या औषधिग्रंथातही ते विषनाशक म्हणूनच येते. म्हणजे या पेल्याच्या मुळाशी भय आहे. शिंग बुडाशी खोलगट असते. उलटे धरले की त्याचाच पेला होतो. कारागीर निमुळत्या टोकाचा देठ करतो आणि रुंद कडेचे उमललेले फूल. जनावराचे शस्त्र असे दिसेनासे होते.

दीर्घायुष्याची इच्छा इथे मारलेल्या प्राण्याच्या शिंगावर कोरली आहे. माझ्या मते, या पेल्यांचा अर्थ त्या फुलात जितका आहे, तितकाच त्या फुलाने झाकलेल्या शिंगात आहे.