खोडदच्या वाटेवरून 'द इलेक्ट्रिक स्टेट'

नारायणगावहून खोडदकडे वळले, की थोड्याच वेळात शेतांच्या वर रेडिओ दुर्बिणीच्या प्रचंड तबकड्या दिसू लागतात. सायमन स्टोलेनहाग या स्वीडिश चित्रकार-लेखकाचे, २०१८ मध्ये इंग्रजीत आलेले 'द इलेक्ट्रिक स्टेट' वाचताना मला वारंवार हाच रस्ता आठवला.

पुस्तकातला काळ १९९७ चा, पण आपण पाहिलेला नव्हे. ड्रोनयुद्धाने मोडलेल्या अमेरिकेतून मिशेल ही तरुण मुलगी आणि एक छोटा पिवळा यंत्रमानव मोटारीने पश्चिम किनाऱ्याकडे निघाले आहेत. वाटेत कोसळलेली युद्धयंत्रे आणि डोक्याला 'न्यूरोकास्टर' चढवून जागच्या जागी खंगत चाललेली माणसे. मिशेल बरेचदा आपल्या जुन्या दिवसांविषयी बोलते. जग कसे मोडले, ते चित्रे सांगतात. चित्र मजकुराची पुनरुक्ती करत नाही, हेच या पुस्तकाचे बळ.

मराठी विज्ञानकथा वेगळ्या वाटेने गेली. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. त्या परंपरेत विज्ञान समजावून देणे हे कथेचे कामच होते आणि ते तिने चोख केले. पण त्या ओघात भूगोल मागे पडला. पात्रे प्रयोगशाळेत बोलतात, रस्त्याने क्वचितच जातात. चित्र उरते ते मथळ्यापुरते.

म्हणून स्टोलेनहागचे सगळेच उचलावे असे नाही. खोडदच्या परिसरात गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या तबकड्या ३०, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. रेडिओ-गोंगाट कमी म्हणून ही जागा निवडली गेली. न्यूरोकास्टर डोक्यात गोंगाट भरतो, ही यंत्रे नुसती ऐकतात. म्हणजे यंत्राचा आकार हे भयाचे कारण नव्हे. स्टोलेनहागच्या धुकट प्रकाशात मात्र मोडके ते सगळे सारखेच भव्य आणि सुंदर दिसते. 'टेल्स फ्रॉम द लूप'मध्ये त्याने स्टॉकहोमजवळच्या, आपल्या लहानपणच्या बेटांवर यंत्रे उभी केली होती. तिथे कोणते घर कुणाचे, हे त्याला ठाऊक होते. अमेरिकेत तो वाटसरू आहे. उजाड मुलूख कुणाचा होता, हे त्याचे चित्र विचारत नाही.

मला तिथे खटकते. ज्या गावावरून आंबेगाव तालुक्याचे नाव पडले, ते गाव डिंभे धरणात बुडाले. उन्हाळ्यात पाणी उतरले की जुने अवशेष उघडे पडतात. त्यांचे छायाचित्र सुंदरच येईल. पण त्यातल्या प्रत्येक जोत्याला धनी होता आणि त्याचे वंशज आजही कुठेतरी नांदत आहेत.

खोडद ते डिंभे हा प्रवास उद्या कुणी मराठी चित्रकाराने काढला, तर स्टोलेनहागकडून त्याने न समजावता दाखवणे जरूर शिकावे. जोत्यांवरची नावे मात्र गाळू नयेत.