आरोग्यसेवेतील मराठी आणि अपंगत्व : नाम की सर्वनाम?

अपंग व्यक्तींविषयीच्या आदरयुक्त भाषेची चर्चा आपल्याकडे प्रायः नामांभोवतीच फिरत राहिली आहे. १९९५ च्या केंद्रीय कायद्यातील ‘मेंटल रिटार्डेशन’ ही संज्ञा २०१६ च्या कायद्यात ‘इंटलेक्च्युअल डिसॅबिलिटी’ झाली. मराठीत ‘मतिमंद’च्या जागी ‘बौद्धिक अक्षम’ आले. ‘अपंग’चे ‘दिव्यांग’ झाले. मात्र या शब्दाला अनेक अपंग कार्यकर्त्यांचाच आक्षेप आहे. शरीराला दैवी ठरविले म्हणून रुग्णालयाच्या पायऱ्यांशेजारी उतरंड बांधली जात नाही, हा तो आक्षेप, आणि तो रास्त आहे.

वैद्यकीय शिक्षणात ‘व्यक्ती आधी, अपंगत्व नंतर’ हे सूत्र शिकविले जाते. ‘पर्सन विथ डिसॅबिलिटी’ या इंग्रजी पदबंधात ते सहज साधते. मराठीची घडण निराळी आहे. येथे विशेषण नामापूर्वी येते. ‘अपंगत्व असलेली व्यक्ती’ असे कितीही काळजीपूर्वक म्हटले तरी अपंगत्वच आधी उच्चारले जाते. म्हणजे हे सूत्र मराठीत केवळ शब्दक्रमाने पाळता येत नाही.

मराठीतील आदर वस्तुतः सर्वनामात आणि क्रियापदात वसतो. ‘ते आले आहेत’ आणि ‘ते आलं आहे’ या वाक्यांत सर्वनाम एकच. परंतु पहिल्यात माणसाचा मान आहे, तर दुसऱ्यात प्रौढ माणसाचे नपुंसकलिंगी मूल झाले आहे. चाळीस वर्षांच्या बौद्धिक अक्षम गृहस्थांना ‘तू’ म्हणणारे डॉक्टर त्यांच्या धाकट्या भावाला ‘तुम्ही’ म्हणतात. कर्णबधिर स्त्री समोर बसलेली असताना ‘हिला काय होतंय?’ हा प्रश्न सोबतच्या नातेवाइकाला विचारला जातो. यांत एकही निषिद्ध शब्द नाही. केसपेपरवर ‘सीपी’ असे लिहिणे कामाच्या गर्दीत समजण्याजोगे आहे. तेच मुलादेखत ‘तो सीपी आत घ्या’ असे उच्चारले की संक्षेपाची जात बदलते.

२०१९ पासून एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमूल्ये व संवाद यांचा ‘एटकॉम’ हा स्वतंत्र घटक आहे. पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु त्याची परिभाषा इंग्रजी आहे, आणि ‘तू’ की ‘तुम्ही’ हा प्रश्न इंग्रजीत उद्भवतच नाही.