गांजा, वेड आणि सरकारी नोंदवही

सरकारी अहवाल म्हणजे वाङ्मय नव्हे, अशी आपल्याकडे समजूत आहे. आणि बहुतेक अहवालांपुरती ती खरीही आहे. परंतु १८९४ सालीं पुरा झालेला ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’चा अहवाल आम्हांस या समजुतीस अपवाद वाटतो. भांग, गांजा व चरस यांचा विचार करणाऱ्या या बहुखंडी ग्रंथाकडे नागपूरकरांनीं विशेष लक्ष द्यावें, यास कारणही आहे. नागपूर ज्याची राजधानी होतें त्या मध्यप्रांतांत, निमाड जिल्ह्यांतील खांडव्याकडे, सरकारी देखरेखीखालीं गांजा पिकत असे. आणि त्याच प्रांतांत चाकरी केलेले फ्रेझरसाहेब कमिशनचे एक सभासद होते.

१८९३ सालीं विलायतेच्या पार्लमेंटांत केन यांनीं हा प्रश्न काढला, आणि मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखालीं सात जणांचें कमिशन नेमलें गेलें. त्यांत तिघे हिंदी होते. ११९३ साक्षीदारांच्या साक्षी जमल्या. परंतु अहवालाचें खरें मोल या संख्येंत नसून वेड्यांच्या इस्पितळांविषयींच्या विवेचनांत आहे. गांजानें मनुष्य वेडा होतो, या समजुतीस मोठा आधार या इस्पितळांच्या आंकड्यांचा होता. कमिशननें ते प्रमाण न मानतां त्यांचा उगम शोधला. तेव्हां असें दिसून आलें कीं, रोग्याबरोबर आलेल्या पोलिसी कागदांत वेडाचें कारण म्हणून गांजाचें नांव असे, आणि तेंच पुढें नोंदवहींत उतरे. मनुष्य गांजा ओढीत होता एवढें कळलें म्हणजे अधिक चौकशीची गरज सहसा कोणास वाटत नसे. १८९२ सालच्या १३४४ रोग्यांपैकीं २२२ जणांचें वेड या अमली पदार्थांच्या माथीं मारलेलें होतें. एकेक प्रकरण तपासल्यावर ९८ उरले, आणि त्यांतही ३७ जणांच्या बाबतींत दुसरीं कारणें मिसळलेलीं होतीं. सरकारनें नेमलेल्या मंडळींनीं सरकारी दप्तरावरच असा अविश्वास दाखवावा, हें धैर्य विरळा.

बेताच्या सेवनानें सहसा अपाय होत नाहीं, अतिरेकानें होतो; म्हणून सरसकट बंदी नको, कर, परवाने व लागवडीवर निर्बंध पुरेत, असा अहवालाचा निष्कर्ष आहे. येथें मात्र आमचा आक्षेप आहे. जी कठोर दृष्टि इस्पितळाच्या कारकुनावर रोखली, ती खजिन्यावर तितकीशी रोखलेली दिसत नाहीं. कर हा लोकांच्या हितासाठीं कीं उत्पन्नासाठीं, हा प्रश्न अधिक निर्भीडपणें विचारावयास हवा होता. शिवाय साक्षीदारांत अधिकाऱ्यांचा भरणा मोठा; गांजा ओढणाऱ्या मजुराविषयीं व बैराग्याविषयीं पुष्कळ बोललें जातें, ते स्वतः क्वचितच बोलतात.

पुढें १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानें गांजाचें व्यसनी सेवन बंद करण्यास पंचवीस वर्षांची मुदत दिली, आणि १९८५ च्या १४ नोव्हेंबरपासून आपल्या देशांत नवा कायदा अमलांत आला. झाडाचा फुलोरा तो गांजा. फुलोऱ्यावांचून नुसतीं पानें त्या व्याख्येबाहेर राहिलीं. २००१ च्या दुरुस्तीनंतर एक किलोपर्यंत अल्प आणि वीस किलोंहून अधिक तें व्यापारी प्रमाण ठरलें. या दुसऱ्या वर्गास निदान दहा वर्षांची सक्तमजुरी आहे. खांडव्याच्या सरकारी गांजापासून येथवरचा हा पालट लहान नव्हे. एवढ्या पालटापूर्वीं १८९३ सारखी उघड चौकशी देशांत झाली नाहीं, याचें आम्हांस वैषम्य वाटतें.

कमिशनचे निष्कर्ष आज जसेच्या तसे स्वीकारावे, असें आमचें म्हणणें नाहीं. कोवळ्या वयांतील अतिसेवनाचा मनोविकारांशीं संबंध आहे, हें आजचें वैद्यक सांगतें, आणि तें मानलेंच पाहिजे. घ्यावयाची आहे ती त्या अहवालाची पद्धति. नोंदवहींतील एका शब्दानें एखाद्याच्या साऱ्या आयुष्याचें कारण ठरत होतें. तो शब्द कोणी व कशावरून लिहिला, हें विचारणारे कोणी तरी निघाले. कायदा सौम्य असो वा कडक, तो करणाऱ्यांनीं हा प्रश्न आधीं विचारावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.